फ्लॉरेन्सचा गाडा

वरच्या आळीनं सेबॅस्टियन सरांना हद्दपार केलं, ते १२६० सालामुळे.

चर्चच्या सणाला दोन्ही आळ्यांनी मिळून नाटक बसवायचं ठरलं होतं. विषय सरांचाच: इटलीतली जुनी शहरं, त्यांच्या युत्या आणि मारामाऱ्या. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण हा धडा कधी पुस्तकातच नव्हता, त्याचा वचपा सर आता काढत होते. वरच्या आळीनं फ्लॉरेन्स घेतलं, कारण ते नाव कुठंतरी ऐकलेलं होतं. खालच्या आळीच्या वाट्याला सिएना आलं. फ्लॉरेन्सचा एक मानाचा गाडा असायचा, दोन बैलांचा, वर झेंडा आणि घंटा. तो शत्रूनं पळवला की शहराचं नाकच कापलं. आणि १२६० साली सिएनानं तो पळवलाच होता.

"आपली आळी हरणार नाही," कमिटीचा अध्यक्ष गॉडफ्रे म्हणाला.

सर म्हणाले, मी इतिहास बदलणार नाही. दुपारी जेवताना फोन बघतात तर त्यांना आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलेलं.

फ्लॉरेन्सनं हाकललेली माणसं १२६० साली सिएनाला जाऊन मिळाली होती. सरही केळीच्या वाडीतून चार मिनिटांत खालच्या आळीत पोचले. तिथं त्यांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला. झोपायला मात्र ते रोज शत्रूच्या हद्दीत, स्वतःच्या घरी येत. मनातून त्यांना एवढंच हवं होतं, की आळीनं आपल्याला परत बोलवावं.

त्यांची बायको रिटा फ्लॉरेन्सच्या गाड्यावर घंटा वाजवायला बसणार होती. एकदा न्याहारीला सरांनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की बैल ऐकतात का? रिटा हसत सुटली. म्हणाली, खाडीकडच्या रामूचे बैल आहेत, ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, पेंडीची बादली दिसली की मागे चालतात. सरांनी पावाला लोणी लावलं आणि केळीच्या वाडीतून निघाले.

सणाच्या दिवशी लढाई रंगात आली, तेव्हा सिएनाचा सेनापती लेस्टर पत्र्याचं चिलखत घालून पुढं आला आणि त्यानं पाठीमागं लपवलेली पेंडीची बादली पुढं केली. बैल वळले. गाडा सिएनाकडे निघाला. इथपर्यंत सगळं इतिहासाप्रमाणे झालं.

पण गाडा मिळाल्यावर काय करायचं, हे सरांनी सांगितलं नव्हतं. बैल अंगावर येताना बघून लेस्टर घाबरून पळाला. बादली काही झालं तरी सोडायची नाही, असं बजावलेलं होतं, म्हणून तो ती घेऊनच पळाला. त्यामागं बैल, बैलांमागं गाडा, गाड्यावर घंटेला लटकलेली रिटा. मंडपातल्या खुर्च्या उडवत फ्लॉरेन्स थेट सुझानच्या पॅटिसच्या स्टॉलमध्ये घुसलं. रिटाचा पाय मुरगळला. दोन्ही सैन्यांनी मिळून तिला उचललं. रामू बैल सोडवत म्हणाला, यापुढं आमची जनावरं लढाईला यायची नाहीत.

दुसऱ्या दिवशी गॉडफ्रेनं कमिटी बोलावली. बादलीचं गुपित फुटलं कसं? सरळच होतं. रिटा गाड्यावर बसायची आणि फितुराच्या घरात राहायची.

संध्याकाळी घरातले दोन्ही फोन एकदमच वाजले. सरांना ग्रुपमध्ये परत घेतलं होतं. रिटाला काढलं होतं. पाठोपाठ गॉडफ्रेचा फोन. "सर, तुम्ही निदान उघड गेलात. बाईंनी आतून केलं. तुमच्याबद्दल राग नाही आमचा, या परत."

पाय उशीवर ठेवून रिटा सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "हाकललेल्या माणसांच्या बायकांचं काय व्हायचं हो तिकडं?"

सरांना ते माहीत नव्हतं. एकतीस वर्षांत त्यांनी ते कधी शोधलंही नव्हतं. ते खालमानेनं टाईप करायला लागले, पुसलं, पुन्हा लिहिलं: "रिटानं काही फोडलं नाही. मी तिला फसवून विचारलं आणि खालच्या आळीला सांगितलं." पाठवलं.

मिनिटभरात सर पुन्हा ग्रुपबाहेर. रिटाला मात्र कुणी परत घेतलं नाही.

तिनं त्यांच्या हातातला फोन घेतला, वाचला आणि परत दिला. "बरं झालं, लिहिलंत," ती म्हणाली. "पण खालच्या आळीत मी यायची नाही. तुम्हाला जायचं तर जा."

सर कुठंही गेले नाहीत. तिच्या पायाला लावायचं मलम घेऊन ते दारातच उभे राहिले. ती जवळ बोलवेल का, तेही त्यांना कळत नव्हतं.