विमानाच्या नाकावरचं ठिगळ

‘बाबा, विमानालाही ठिगळ लावतात?’

मैत्रिणींनी पैज लावली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव म्हणून. लेकीनं शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये येऊन सरळ विचारलं. बाबा हसले. ‘लावतात की. आपलं ठिगळ तर विमानापेक्षा जास्त टिकेल.’

मित्रांनो, ते ठिगळ माझ्या अंगावर होतं. घरी बनवलेल्या एका विमानाचं जुनं झाकण आहे मी, इंजिनावरचं. विमानाचं नाकच म्हणा ना. फायबरग्लासच्या कापडावर पॉलिस्टर रेझिनचे थर चढवून बाबांनी मला याच गॅरेजात घडवलं. मग तीन महिने, प्रत्येक सुट्टीला, मला घासत बसायचे. आई म्हणायची, ‘एवढे लाड माझे नाही केले कधी यांनी.’ मी फुशारून जायचे.

अठरा वर्षं मी इंजिनाचा ताप सोसला, तेलाचे शिंतोडे अंगावर घेतले, पण कधी कुरकुर केली नाही. यंदा हवा आत घेणाऱ्या भोकापाशी मला तडा गेला. त्याचं दुःख नाही. वय झालं की हाडं बोलतातच.

दुःख पुढचं आहे. बाबांनी इपॉक्सी, म्हणजे चिकटवायचं नवं रेझिन, आणलं. ते जुन्या पॉलिस्टरला छान धरतं, पण आधी सगळं तेल पुसावं लागतं, मग चकाकी जाऊन अंग खरखरीत होईपर्यंत पॉलिश पेपरनं घासावं लागतं. हे बाबांना पक्कं ठाऊक. लेकीला त्यांनीच तर शिकवलेलं. पण इतक्या वर्षांनी आई एकदाची विमानात बसायला ‘हो’ म्हणाली होती, आणि रविवार तोंडावर आलेला. ‘आतली बाजू आहे, कोण बघतंय,’ असं पुटपुटत त्यांनी माझ्या तेलकट, गुळगुळीत अंगावर ठिगळ थापलं. ज्या हातांनी घडवलं, त्यांनीच केसानं गळा कापला.

लेकीनं ठिगळाच्या कडेला नख घातलं. केळ्याचं साल निघावं तसं ते अख्खं हातात आलं.

‘झाकणच जुनाट झालंय,’ बाबा म्हणाले. ‘काही धरतच नाही.’

अठरा वर्षांची चाकरी, आणि वर हा आळ.

लेकीनं ठिगळ उलटं करून त्यांच्यासमोर धरलं. ‘याला तेल लागलंय, बाबा. घासलं होतंत?’

आई कप घेऊन दारात उभी होती. ‘मला तर म्हणालात, सगळं नीट तपासलंय,’ एवढंच ती बोलली.

मित्रांनो, जुन्याला नवं जोडताना आधी जुन्याचं अंग नीट पुसा, घासा. न दिसणारी बाजू तर दोनदा. कामचुकारपणा तुमचा आणि खापर आमच्यावर, असं करू नका.

लेकीनं बाह्या वर केल्या. ‘आई, उद्या तू बसणार नाहीस. बाबा, तुम्हीही नाही. झाकण मी घासणार. मी हो म्हणेपर्यंत विमान इथून हलणार नाही.’