अपवादाची खूण

"मॅडम, अख्ख्या जिल्ह्यात एवढे बिनबोटांचे लोक नसतील," कुलथे साहेबांनी यादी निखतपुढे सरकवली. "वर्षभरात एक्केचाळीस. तेही तुमच्या एकटीच्या मशीनवर."

निखत शेख कोरेगाव भीमाच्या आधार केंद्रावर अकरा वर्षं ऑपरेटर होती. परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेली. समोरच्याला एखादं बोट नसलं, की मशीनवर 'अपवाद' अशी खूण करायची आणि नोंद खरी असल्याबद्दल स्वतःचा अंगठा द्यायचा, असा नियम. पण ठसा टाळून बनावट माणूस घुसवायलाही हीच खूण कामी येते. म्हणून केंद्राची मान्यता वाढवून देण्याआधी साहेब पुण्याहून तपासणीला आले होते.

"एकही नोंद खोटी न्हाई, साहेब."

"मग माणसं दाखवा. तीन-चार जरी समोर उभी केलीत तरी मी तसं लिहीन. पाचपर्यंत थांबतो. नाहीतर मशीन सील होईल आणि तुमचं नाव काळ्या यादीत जाईल."

निखत यादी घेऊन व्हरांड्यात गेली. नावांवरून तिला चेहरे आठवेनात, हात मात्र आठवत होते. कुणाची तर्जनी पेरापासून गेलेली, कुणाची तीन बोटं मुळापासून. तिनं फोन लावायला घेतले. दोघांनी उचललाच नाही. भिमाजीनं उचलला. तो पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होता. मागं मशीन धडधडत होतं.

"ताई, ठेकेदारानं बजावलंय, प्रेसमधी बोट गेल्याचं कुठं बोलायचं न्हाई. आन् तुम्ही तर सरकारी साहेबाम्होरं उभं ऱ्हा म्हणताय. उद्या कामावर घेतलं न्हाई तर?"

"मग नका येऊ, मामा. माझ्यापायी काम घालवू नका."

बोलून गेली खरी, पण फोन ठेवल्यावर ती यादीतला पुढचा नंबर शोधू लागली. काळ्या यादीतल्या ऑपरेटरला दुसरं कुठलंच केंद्र दारात उभं करत नाही. अकरा वर्षांत ती दुसरं काही कामही शिकली नव्हती.

साडेतीनला पहिली पाळी सुटली आणि केंद्राच्या दारात भिमाजी दिसला. त्याच्यामागं अक्रम, बिहारचा रामधनी आणि हात पदराखाली घेतलेली सविता. चौघंही एकाच ठेकेदाराकडचे.

साहेबांनी एकेकाला टेबलापाशी बोलावलं. हात उलटसुलट करून पाहिला, यादीशी ताडला.

"हे कसं झालं?"

"कडबाकुट्टीत," भिमाजी म्हणाला. "गावाकडं, जनावरांचा चारा कापताना."

"आणि तुमचं?"

"माझं बी कडबाकुट्टीतच," अक्रम म्हणाला.

रामधनीनं भिमाजीकडं पाहिलं. "वही साब... कडबाकुट्टी."

सवितानंही तेच सांगितलं, खाली बघत.

साहेबांचं पेन थांबलं. "रामधनी, जनावरं किती आहेत तुमच्याकडे?"

"जानवर? हम तो रूम पे रहते हैं साब. छह जन."

बाहेर हायवेवरून एक कंटेनर हॉर्न देत गेला. साहेब निखतकडं वळले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय साहेब. पण अपवाद टाकताना मशीन कारण विचारत न्हाई."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग कागदावर लिहिलं, 'हात प्रत्यक्ष पाहिले. नोंदी खऱ्या आहेत.' कडबाकुट्टीचं त्यांनी काही लिहिलं नाही.

"मान्यतेची शिफारस करतो," ते उठत म्हणाले. "फक्त या चौघांचे फोटो पुन्हा घ्या. जुने अंधुक आलेत. चेहरा आणि दोन्ही पंजे एकाच चौकटीत हवेत."

तिघा पुरुषांचे फोटो पटापट झाले. सविता खुर्चीवर बसली, पण डावा हात काही पदराबाहेर येईना. निखतनं घाई केली नाही. पडद्यावर उगाच इकडंतिकडं काहीतरी करत राहिली.

"ताई," थोड्या वेळानं सविता म्हणाली, "हसले तर चालंल का?"

"न्हाई गं. नियमात तोंड मिटलेलं पायजे. साधंच बस."

सवितानं टिकली चाचपून पाहिली, केस कानामागं सारले. मग दोन्ही हात खांद्यापर्यंत वर धरले, उरलेली आठ बोटं नीट पसरली आणि कॅमेऱ्यात सरळ बघितलं.