जास्तीचा डोस

महागड्या कंपायलरची फुकट वापरायची मुदत चार वाजता संपणार होती, आणि मामांनी आपला निकाल सकाळीच देऊन टाकला होता. भाचीनं लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारं ते सॉफ्टवेअर. त्यासाठी वर्षाला दोन माणसांचा पगार ओतायचा म्हणजे फारच झालं. फुकटच्या कंपायलरवर औषध मोजून देणारे अकरा पंप त्यांच्या कारखान्यानं बनवले होते आणि अकराही रुग्णालयांत चालू होते. अकरावा तर परवापासून मामींच्याच उशाशी होता. ऑपरेशननंतरचं वेदनाशामक तो देत होता, आणि मामा भेटेल त्याला ते ऐकवत होते.

“तुझा महागडा दर अर्ध्या तासानं एक डोस जास्त देतोय,” मामा म्हणाले. “फुकटवाला तीन दिवस चालला, एकदाही चुकला नाही. चुका काय विकत घ्यायच्या?”

“चारपर्यंत थांबा, मामा.”

बारीकशी चूकही तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून भाचीला सगळे भिंग म्हणत. पण हे भिंग तीन दिवस कंपायलरवाल्यांना तक्रारी लिहिण्यात गुंतलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं. प्रोग्राम एकेका ओळीवर थांबवून तपासला की डोस बरोबर पडे, मोकळा सोडला की चुके. तेवढ्यावरूनच चूक कुणाची ते तिनं ओळखायला हवं होतं.

सव्वातीनला तिनं थांबवणं सोडलं. प्रोग्राम न अडवता त्याची नोंद ठेवणारं एक साधन महागड्यासोबत आलं होतं. ते लावून ती चाचणीच्या पंपाखालच्या मोजपात्रासमोर बसली. सत्तावीस मिनिटांनी जास्तीचा डोस पडला.

तिनं नोंद उघडली. प्रोग्रामचा एक भाग ‘डोस दिला’ अशी खूण करत होता, त्याच क्षणी दुसरा भाग ती पुसत होता; खूण दिसली नाही की पंप तोच डोस पुन्हा देई. एकानं दुसऱ्यासाठी थांबावं, ही ओळ तिनं लिहिलीच नव्हती. महागडा कंपायलर प्रोग्राम झपाट्यानं पळवी, म्हणून दोघांची टक्कर अर्ध्या तासात होई. फुकटच्यावर सगळं सावकाश चाले. तिनं कागदावर आकडे मांडले. तिथं तीच टक्कर चार-पाच दिवसांतून एकदा.

अकराही पंपांत हाच प्रोग्राम होता.

“काय ठरलं?” मामा दारात आले. “फुकटचाच ना?”

तिनं मामींच्या वॉर्डचा नंबर लावला. “तो पंप आत्ता काढा. औषध हातानं द्या.”

“थांबा,” नर्स म्हणाली. पावलं दूर गेली. मामांनी दाराची चौकट धरली. मग तीच पावलं परत आली.

“काढला. जाग्या आहेत त्या, पाणी मागतायत. पंप बिघडलाय का?”

“पंप नाही,” ती म्हणाली. “मी लिहिताना चुकले.”

फोन ठेवला तरी तिला मामांकडे बघवेना. ते आत आले, कपाटातून रुग्णालयांच्या नंबरांची वही काढून तिच्या शेजारी बसले.

“दहा राहिले,” ते म्हणाले, आणि पहिला नंबर त्यांनीच लावला.