एकतीस सालचा डिसेंबर

रविवारी सकाळी विजया फोन चार्जिंगवरून काढते, पदराने पुसते आणि बिस्किटांच्या डब्याला टेकवून टेबलावर उभा करते. स्वतः मात्र भिंतीकडे खुर्ची सरकवून बसते, म्हणजे तिकडून ती दिसत नाही. आधी ती समोर बसायची. पण श्रावणी हसली की तिच्या गालावर शिशिरसारखीच खळी पडते, आणि विजयाला रडू यायचं. पोरगी घाबरायची. तेव्हापासून बोलायचं काम माझ्याकडे आलं. ते मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

शिशिर आमचा एकुलता एक मुलगा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आर्कान्सा राज्यात नोकरीला होता. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातून निघाला, गाडीत बसला आणि तिथेच संपला. आमचा व्हिसा होईपर्यंत अंत्यसंस्कार थांबवणं शक्य नव्हतं. इथे समता कॉलोनीतल्या घरी, याच टेबलावर, याच फोनमध्ये आम्ही त्याला शेवटचं पाहिलं. सून अनुश्री आणि नात श्रावणी तिथेच राहिल्या.

पुढे फोन कमी होत गेले. श्रावणीला मराठी कळतं, पण बोलते ती हिंदीच. "खाना खाया?" "हाँ." "स्कूल कैसा है?" "ठीक." यापलीकडे मला सुचायचं नाही.

जानेवारीत श्रावणीने आपणहून फोन केला. शाळेत प्रोजेक्ट होता, आपल्या राज्यातल्या एका वर्षाचा इतिहास. तिच्या वाट्याला मंदीच्या काळातलं एकोणीसशे एकतीस आलं होतं. "आजोबा, पापा बोलते थे आप सब पढ़ते हो."

कॉलेजच्या लायब्ररीत जन्म गेला, तरी आर्कान्सा मला आधी नकाशात शोधावं लागलं. मिळेल ते वाचलं. आदल्या वर्षी तिथे पाऊस पडला नव्हता. एकतीसच्या जानेवारीत उपाशी शेतकरी एका गावच्या बाजारात जमले, पोरांसाठी खायला द्या म्हणून. तिकडे धानाची, म्हणजे भाताची, शेतीही होती. हे मला शिशिरने कधीतरी सांगितलं होतं, "बाबा, इथं आपल्यासारखंच धान आहे." मी नुसतं "अच्छा" म्हटलं होतं.

श्रावणीने जानेवारी मन लावून ऐकला. पुढच्या रविवारी मी तिला एप्रिलपर्यंत सांगू शकलो असतो. फक्त फेब्रुवारी सांगितला. मग तशीच रीत पडली, एका रविवारी एक महिना. मार्चमध्ये घटस्फोट सोपा करणारा कायदा झाला होता, तो मी गाळला. शरदात कापूस भरपूर आला आणि भाव कोसळले, ते तिला दोनदा समजावलं. प्रोजेक्ट शाळेत कधी द्यायचा, हे मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

नोव्हेंबरपाशी मी अडलो. त्या महिन्यात तिथला एक सेनेटर अचानक वारला आणि त्याच्या जागी त्याच्या बायकोला नेमलं. बाप गेलेल्या पोरीला हे कसं सांगायचं? दोन रविवार मी "अजून वाचून राहिलो, बेटा" म्हणून टाळले.

"सांगा न," विजया म्हणाली. "बाप मरते म्हणजे काय, हे तिले माहीत नाही का?"

त्या रविवारी श्रावणी चमकीच्या फ्रॉकमध्ये खुर्चीच्या टोकावर बसली होती. पायात बूट.

"कहाँ जा रही है?"

"फ्रेंड का बर्थडे है. आप बोलो ना, आजोबा."

"नवंबर में... वहाँ के एक सेनेटर थे..."

"वो मर गए, और उनकी वाइफ को सीट मिल गई."

"तुला कसं माहीत?"

"मेरे प्रोजेक्ट के चार्ट में था ना! मैंने क्लास में पढ़ा भी." ती एकदम थांबली आणि बाजूला कुणाकडे तरी पाहू लागली.

"चार्ट दिलास? केव्हा?"

"फरवरी में." मग हळूच, "मम्मी बोली, आजोबा का साल पूरा होने दो."

अनुश्री समोर आली. तिच्या हातात गाडीची किल्ली होती. "बाबा, तसं नाही... उसको अच्छा लगता है आपसे बात करना."

"हव, हव," मी म्हणालो.

"आजोबा, चार्ट में दिसंबर का डिब्बा खाली रह गया था. मैंने उसमें क्रिसमस ट्री बना दिया. दिसंबर में क्या हुआ?"

डिसेंबर माझ्यासमोरच्या कागदावर होता. आदल्या संध्याकाळी तो मी विजयाला वाचून दाखवला होता. त्या सेनेटरच्या बायकोने शपथ घेतली आणि सभागृहात जाऊन बसली. पुढेही ती तिथे क्वचितच बोलायची म्हणे. म्हणून मला ती जवळची वाटली होती. पुरवून सांगितलं असतं तर दोन रविवार निघाले असते.

श्रावणीचा पाय हलत होता. बुटाची टाच खुर्चीवर टकटक वाजत होती.

"दिसंबर में कुछ नहीं हुआ, बेटा. साल खतम."

"पक्का?"

"पक्का."

"तो फिर ट्री ही सही है!" ती हसली. खळी पडली. फोन बंद झाला.

विजयाने फोन उचलून चार्जिंगला लावला. मग म्हणाली, "काल तर मले वाचून दाखवलं. ती बाई शपथ घेते ते."

"हो."

"मग पोट्टीले काहून नाही सांगितलं?"

पोरीला मोकळं करावं म्हणून तसं बोललो, की मला लागलं म्हणून, हे अजून माझं मलाच ठरवता येत नाही.

पुढच्या रविवारी विजयाने फोन पुसला आणि डब्याला टेकवून ठेवला. चहा निवला. फोन वाजला नाही. मग ती उठली, भिंतीकडची खुर्ची ओढत आणली आणि फोनच्या अगदी समोर बसली. काळ्या पडद्यात तिचा चेहरा दिसत होता.

"बत्तीस सालात काय झालं?" तिने विचारलं.

"वाचलं नाही."

"वाचून ठेवा," ती म्हणाली. "लागन."