डोरीनच्या बोटीचं स्टिअरिंग

मंगळवारी दुपारी सव्वादोनला डोरीनची बोट सापडली. इंजिन चालू होतं. हेरॉन बेटाच्या पलीकडे ती एकाच जागी गोल गोल फिरत होती आणि आत कुणीच नव्हतं.

तिच्या नवऱ्याला, लोवेलला, गावातला ड्वेन लाप्वांट आपल्या बोटीतून तिथे घेऊन गेला. जवळ जाता येत नव्हतं. रिकामी बोट वेगात वळत होती, आडवं येईल त्याला धडकली असती. म्हणून ते दोघं आणि शेरीफची माणसं लांब थांबली आणि पेट्रोल संपायची वाट बघत बसली. चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ लोवेल नुसता चाकाकडे बघत होता. चाक एका बाजूला पूर्ण वळलेलं होतं आणि त्यावर हात नव्हता.

डोरीन तिसऱ्या दिवशी मिळाली. जूनमध्येही ह्यूरॉन सरोवराचं पाणी इतकं गार असतं की पडलेला माणूस फार वेळ हातपाय मारू शकत नाही. शेरीफचा माणूस म्हणाला, "स्टिअरिंग जड होतं. जोर लावताना अचानक सुटलं असेल, बोटीने झटका दिला असेल, बाई बाहेर फेकल्या गेल्या असतील. माणूस पडला की इंजिन बंद करणारी दोरी कमरेला लावलेली नव्हती." एवढं बोलून त्याने वही मिटली. पुढे कुणी काही विचारलं नाही. लोवेलनेही नाही.

डोरीन बेटांवरच्या उन्हाळी घरांचं काम बघायची. मे महिन्यात घरं उघडायची, झाडायची, नळ सुरू करायचे, आणि ऑक्टोबरमध्ये सगळं बंद करायचं. अशी एकोणीस घरं. दिवसभर बोटीतून जा-ये, त्यात तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. म्हणून त्याच वर्षी मार्चमध्ये तिने केबलच्या जागी बसवायला, तेलाच्या दाबावर हलकं फिरणारं हायड्रॉलिक स्टिअरिंग मागवलं होतं. खोका शेडमध्ये बाकाखाली पडून होता. ती दर आठवड्याला विचारायची आणि लोवेल म्हणायचा, "सीझन संपू दे."

पुढच्या एप्रिलमध्ये त्यांची मुलगी कॅरिन ग्रँड रॅपिड्सची नोकरी सोडून घरी आली. स्वयंपाकघरात बूटही न काढता तिने सांगून टाकलं, "आईची घरं मी घेतलीत. सगळ्यांना फोन झाले. मेच्या दुसऱ्या सोमवारपासून सुरू."

"बोट द्यायची नाही मी," लोवेल म्हणाला.

"मग काय पोहत जाऊ?"

"ड्वेन सोडेल."

"ड्वेनकाका एका घरी सोडायला निघाले की वाटेत चार जणांशी गप्पा मारतात. माझी एकोणीस घरं नाताळपर्यंत उघडतील. डॅड, खोका शेडमध्येच आहे ना? बसव ते. तुला येतं."

येत होतं, हे खरं. चाळीस वर्षं तो स्वतःच्या आणि अर्ध्या गावाच्या बोटी दुरुस्त करत आला होता. तो भांडी विसळायला वळला आणि कॅरिनने तोच होकार धरला.

दुसऱ्या दिवशी त्याने जुनी केबल काढायला घेतली. केबलच्या टोकाला एक पोलादी दांडा असतो. तो इंजिनाच्या नळीतून आतबाहेर सरकतो आणि इंजिन वळवतो. हा दांडा हाताने ओढला की बाहेर यायला हवा. तो हलला नाही. लोवेलने पान्याने प्रयत्न केला, मग लाकडाचा ठोकळा लावून हातोडा मारला. विसाव्या घावाला दांडा इंचभर सरकला आणि नळीतून ग्रीस बाहेर आलं. विझलेल्या मेणबत्तीसारखं घट्ट, पिवळं.

ते ग्रीस तिथे कसं आलं, हे लोवेलला लगेच कळलं.

त्यांची शेड बोटीपेक्षा वीतभर आखूड होती. त्यांच्या किनाऱ्यावर बहुतेकांच्या शेड तशाच होत्या, बोटी नंतर मोठ्या झाल्या होत्या. म्हणून ऑक्टोबरमध्ये बोट आत ढकलली की सगळेजण इंजिन पूर्ण एका बाजूला वळवायचे, म्हणजे दार लागायचं. लोवेलही तेच करायचा. आणि मग, हिवाळ्याआधीचं शेवटचं काम म्हणून, ग्रीसची पिचकारी लावायचा. दांडा आत असताना ग्रीस भरायचं, हे त्याला माहीत होतं, दुसऱ्यांना तो सांगायचाही. पण डोरीन जायच्या आदल्या ऑक्टोबरमध्ये बर्फ लवकर आलं होतं, बोटं बधिर झाली होती, दार लावून झालं होतं. त्याने इंजिन वळलेलं असतानाच, दांडा बाहेर असतानाच भरपूर ग्रीस भरलं. जागा नसल्यामुळे ते केबलच्या आत शिरलं आणि थंडीत गोठून बसलं. मे महिन्यात चाक फिरेना, तेव्हा त्याने दोन्ही हातांनी हिसके देऊन ते मोकळं केलं आणि डोरीनला म्हणाला, "वापरलं की सुटेल."

ते जूनमध्ये सुटलं.

त्याने ग्रीस चिंधीत पुसलं, चिंधी शेगडीत टाकली, आणि कुणाला काही सांगितलं नाही.

त्यानंतर त्याचे हात बदलले. नट आवळला की वाटायचं, नीट आवळला नाही. पुन्हा आवळला की वाटायचं, जास्त आवळला, आटे गेले. चाकामागे पंप बसवला, तिथून दोन नळ्या मागे नेल्या, इंजिनावर सिलिंडर बसवला. प्रत्येक जोडाखाली कागद ठेवून तो सकाळ-संध्याकाळ तेलाचा डाग शोधायचा. डाग नसायचा. डाग नाही याचीही त्याला धास्ती वाटायची. जेवताना कॅरिन समोर बसली की तिच्याकडे बघणं तो टाळायचा, कारण तिचे हात डोरीनसारखे होते आणि ते त्याला चाकावर दिसायचे.

शेवटचं काम नळ्यांतली हवा काढायचं. हवा राहिली तर ऐन वळणावर चाक नुसतंच फिरतं, बोट वळत नाही. या कामाला दोन माणसं लागतात. कॅरिन चाकाशी बसली, लोवेल मागे सिलिंडरपाशी, पारदर्शक नळी बाटलीत सोडून.

"डावीकडे. सावकाश. थांब."

"बुडबुडे?"

"आहेत. पुन्हा."

तासाभराने बुडबुडे थांबले. लोवेल म्हणाला, "अजून एक बाटली तेल घाल."

"डॅड, तीन बाटल्या झाल्या. आता नुसतं तेल येतंय. बघ, एका बोटाने फिरतंय." तिने खरंच एका बोटाने चाक फिरवलं. मागे एवढं जड इंजिन लोण्यातून फिरावं तसं वळलं.

"अजून एक," तो म्हणाला.

"तू बोट दुरुस्त करतोयस की मला इथे अडकवून ठेवतोयस?"

तेवढ्यात ड्वेन दारात आला, हातात कॉफीचा मग. "अरे बापरे! शुक्रवारी चर्चमध्ये मासे तळतात ना, तिथेही एवढं तेल लागत नाही. काय चाललंय म्हाताऱ्या?"

लोवेलने हात पुसले. मग जे तो जन्मात कधी म्हणाला नव्हता, ते म्हणाला. "ड्वेन, माझं काम एकदा तपासून दे."

ड्वेन हसला. "चाळीस वर्षांत तू मला तुझ्या पान्याला हात लावू दिला नाहीस. ताप आहे का?"

"तपास."

त्याच्या आवाजाने ड्वेनचं हसू गेलं. त्याने कॉफीचा मग खाली ठेवला आणि बॅटरी लावून पुढून सुरुवात केली. पंप बघितला, नळ्या बघितल्या, प्रत्येक जोड बोटाने चाचपला. बरं, बरं, असं म्हणत मागे आला. सिलिंडरचा जोर इंजिनाला पोचवणारी पट्टी असते, तिथे तो थांबला. बॅटरी जवळ नेली.

"लोवेल, हा नट कुठला?"

"जुन्या पट्टीचा."

"खोक्यात नवा असेल की. आतून पकड असलेला. हादऱ्याने सुटत नाही तो."

"जुना चांगला होता. पोलाद चांगलं होतं," लोवेल म्हणाला. चांगली वस्तू टाकायची नाही, ही त्याची जन्मभराची सवय. बाकी सगळं त्याने दहादा तपासलं होतं, आणि हे त्याला चूक वाटलंच नव्हतं.

ड्वेनने नट दोन बोटांत धरून फिरवला. पाव फेरा फिरला. "आठवडाभर टिकला असता," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन आठवडे, फार तर."

कॅरिन चाकाशीच होती. "ठीक आहे, बदला ना मग. त्यात काय एवढं?" ती म्हणाली, आणि मग तिने बापाचं तोंड पाहिलं. "डॅड? बस खाली. काय झालं?"

लोवेल बसला नाही. बोटीच्या काठाला धरून त्याने सांगितलं. आखूड शेडबद्दल सांगितलं, वळवलेल्या इंजिनाबद्दल, ग्रीसबद्दल, मे महिन्यातल्या हिसक्यांबद्दल. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. सांगून झाल्यावर ड्वेन जमिनीकडे बघत राहिला. तोही आपलं इंजिन असंच वळवून ठेवायचा.

"तुला हे कधी कळलं?" कॅरिनने विचारलं.

"केबल काढली तेव्हा. तीन आठवडे झाले."

"आणि तीन आठवडे तू माझ्यासमोर बसून बटाटे खातोयस."

"हो."

बाकावरच्या खोक्यात हात घालून कॅरिनने नवा नट शोधून काढला. तो लोवेलच्या अगदी जवळून नेऊन तिने ड्वेनच्या हातात ठेवला. "ड्वेनकाका, तुम्ही लावा."

ड्वेनने लावला. लोवेल बाजूला उभा राहून बघत होता.

रविवारी बोट पाण्यात उतरवली. वारा नव्हता, तळं सपाट होतं. कॅरिनने इंजिनाची दोरी कमरेला अडकवली आणि विचारलं, "येतोस?" लोवेलला वाटलं नव्हतं ती विचारेल. तो चढला आणि मागे बसला, नट दिसेल असा.

धक्क्यापासून पाण्यातल्या खुणेच्या पहिल्या खांबापर्यंत ती सावकाश गेली. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग वेग निम्म्यावर नेला आणि पुन्हा दोन्हीकडे वळवली. चाक सांगेल तसं बोट वळत होती. नंतर ती मोकळ्या पाण्यात आली आणि तिने वेगाच्या दांड्यावर हात ठेवला.

"नको," लोवेल म्हणाला. दोन्ही हातांनी त्याने बाक घट्ट धरला होता. "आज नको, कॅरिन."

तिने मागे वळून पाहिलं. मग दांडा मागे घेतला आणि बोट घराकडे वळवली. धक्क्याला दोर बांधताना ती फक्त म्हणाली, "उद्या सातला निघतेय. एकटी."

पूर्ण वेगात बोट अजून वळवून पाहिलेली नाही.