बसलंय, पण सापडत नाही

मामींचं डोकं सकाळपासून गरगरत होतं. भाच्याने पाठवलेली ओळ त्यांनी नव्या लॅपटॉपच्या, आज्ञा लिहायच्या काळ्या चौकटीत जशीच्या तशी उतरवली, एन्टर दाबलं, ओळी भराभरा वर सरकल्या आणि शेवटी मशीन म्हणालं, रनटाइम बसला. मग बोलका प्रोग्रॅम सुरू करायला गेल्या, तर तेच मशीन म्हणतं, रनटाइम सापडला नाही. पुन्हा बसवायला गेल्या, तर उत्तर आलं, आधीच बसलेला आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पण कळसा काखेत आहे हे मशीनला सांगायचं कोणी?

प्रश्न मशीनचा नव्हता, मामांच्या आवाजाचा होता. तो घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला. त्याआधी भाच्याने मामांना समोर बसवून त्यांचा आवाज भरून घेतला होता आणि असा प्रोग्रॅम लिहिला होता, की मामांनी दोन शब्द टाइप करून एन्टर दाबलं की ते त्यांच्याच आवाजात ऐकू यायचे. मग जुना लॅपटॉप बंद पडला आणि घर पुन्हा मुकं झालं. नव्यावर लिनक्स होतं, प्रोग्रॅमही आला होता, पण तो ज्या भाषेत लिहिलाय ती चालवणारा रनटाइमच नसेल तर सगळं मुसळ केरात. कागदावर लिहावं, तर मामा पडले डॉक्टर. त्यांचं अक्षर हात धड होता तेव्हाही फक्त केमिस्टला लागायचं, आता तर हात थरथरत होता.

मामींची खरी भीती मात्र वेगळीच होती. मशीन नको म्हणून मामांनी सुरुवातीला कितीदा तरी मान हलवली होती. त्यांना आता बोलायचंच नसेल तर? विचारायचा धीर होत नव्हता.

तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला आणि मामी स्वयंपाकघरात धावल्या. ओटा पुसून परत येतात तो मामा लॅपटॉपपुढे, मोबाइल मांडीवर. मामींना पाहून त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर मिटले. भूक लागली का, आडवं व्हायचंय का, मामींनी सगळं विचारून पाहिलं. मामांनी कपाळावर हात मारला, एका बोटाने अक्षरं शोधत काहीतरी टाइप केलं आणि सवयीने एन्टर दाबलं. काळ्या चौकटीत उमटलं होतं: बंद कर. त्याखाली मशीनचं उत्तर, अशी आज्ञा सापडली नाही.

मामींचं अवसानच गळालं. मामांचं बोट पुढच्या अक्षराकडे निघालं होतं, पण मामींनी लॅपटॉप ओढून घेतला. एवढ्या संसारात त्यांनी मामांचं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नव्हतं, ते आताच कुठून देणार?

"करते बंद," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नाही ना? मग बसा गप्प. मी भिंतीशी बोलेन."

आणि त्यांनी फुलीवर टिचकी मारून चौकट बंद केली.

मामा हसले. हसताना हल्ली त्यांचे फक्त खांदे हलत. मामींच्या अंगाचा तिळपापड झाला. मामांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला, काळी चौकट पुन्हा उघडली आणि मामींचा हात धरून कीबोर्डवर ठेवला. मामींनी रागारागाने प्रोग्रॅम सुरू करायची ओळ लिहिली. या वेळी मशीनने तक्रार केली नाही. लिहायची पांढरी पट्टी निमूट समोर आली.

काय बदललं, मामींना काही कळेना. मामा टाइप करू लागले.

"बंद कर," मामांचाच आवाज आला. मग थोड्या वेळाने, "आणि परत उघड." मग, "भाच्याचा फोन होता." मग, "जुन्या चौकटीला नवं बसवलेलं दिसत नाही."

म्हणजे मामी ओटा पुसत होत्या तेव्हा भाचा फोनवर सगळं सांगून मोकळा झाला होता, आणि ऐकणारा होता मुका. मग आधीच का नाही सांगितलंत, हे मामींच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मामांचं बोट पुन्हा अक्षरं शोधत होतं.

"मला अजून," आवाज म्हणाला आणि थांबला.

पुढे काय येईल, मामींना ठाऊक नव्हतं. बोट एकेक अक्षर गाठत होतं आणि त्या वाट पाहत बसल्या.

"तुझ्याशी खूप भांडायचंय."