गार हवेतली ऊब

मागच्या भिंतीला पाठ लावून संथ घरघरतोय ना, तो मीच. घर उबदार ठेवणारा हीट पंप. माझ्या पोटात आग नाही. पंख्याने बाहेरची हवा ओढायची, तिच्यातली ऊब नळीतल्या वायूला द्यायची, तो वायू दाबून आणखी तापवायचा आणि ती उष्णता पाण्यात सोडायची. ते पाणी घरभर फिरून खोल्यांतले रेडिएटर तापवतं. कारखान्यात घडलो तेव्हापासून मी हेच करतोय. पण त्यात नवल काय, हे मला फार उशिरा कळलं.

या घरात तिघं राहतात. बाबा शिंपी, दर्शनी खोलीत त्यांचं मशीन. आई बेकरीत कामाला, मुलगी इस्पितळात नर्स. मला बसवणारा माणूस पाणी अगदी कढत होईल अशी कळ फिरवून गेला. आईने रिकाम्या खोल्यांतल्या रेडिएटरचे कॉक घट्ट आवळले आणि मला फक्त सकाळ-संध्याकाळ चालवायचं ठरवलं. जुन्या बॉयलरशी ती अशीच वागायची.

माझा मात्र जीव मेटाकुटीला यायचा. गारठलेलं घर एका दमात तापवायला धावायचो. पाणी कढत व्हायचं, पण ऊब जायला वाटच नसल्यामुळे लगेच बंद पडायचो. पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

त्या हिवाळ्यात बाबांची बोटं आखडली. सुई हातात ठरेना. एक कोट अर्धवट टाकून त्यांनी मशीनवर कापड पांघरलं. थोरल्या मुलाचा फोन आला, "बाबा, इकडे या. इथे थंडी नाही." बाबा हो म्हणाले, माळ्यावरून बॅगा खाली काढल्या, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

"आधी हे डबडं काढा," आई म्हणाली.

"आई, पेशंटला हाकलायच्या आधी त्याचा ताप तरी मोजू दे," मुलगी म्हणाली.

तिने माझ्या विजेच्या तारेवर एक मीटर बसवून घेतला आणि पाण्याच्या नळीवर दुसरा. एक माझं खाणं मोजायचा, दुसरा माझं देणं. आठवडाभर ती ड्यूटीवरून आली की कोटसुद्धा न काढता आधी ते आकडे बघायची.

"एक युनिट वीज खातो आणि दोन युनिट ऊब देतो," ती म्हणाली. "याला जास्त जमायला हवं."

मग तिने सगळे कॉक उघडले. पाणी कोमटाच्या थोडंच वर राहील असं केलं. माझ्या तोंडाशी साचलेला पाचोळा काढला आणि मला दिवसभर सावकाश चालू दिलं.

"एवढ्याशा गरम पाण्याने काय होणार?" आई पुटपुटली.

पण खोल्या उबदार झाल्या. भिंतींचाही गारठा गेला. माझी धाप गेली. मीटरवर एकाला जवळजवळ चार दिसू लागले.

"तायडे, विजेचा एक. मग वरचे तीन आले कुठून?" बाबांनी विचारलं.

"बाहेरच्या हवेतून."

"बाहेर तर हाडं गोठतायत."

"त्या हवेतही ऊब असते, बाबा. आपल्याला जाणवत नाही, एवढंच."

बाबा शाल गुंडाळून बाहेर आले आणि माझ्या पंख्यासमोर त्यांनी हात धरला. माझ्यातून निघणारी हवा बाहेरच्या थंडीहूनही गार होती. ते बराच वेळ हात तसाच धरून उभे राहिले. मीही त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःकडे बघितलं. इतके दिवस मी हे करत होतो?

बॅगा पुन्हा माळ्यावर गेल्या. कोट पुरा झाला.

आता माझा पत्रा फिका पडलाय, पण मी बरा आहे. तुमच्या घरामागे माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याच्या पुढ्यात अडगळ रचू नका. त्याला पळवू नका, चालू द्या. आणि तो काय खातो, काय देतो, हे एकदा मोजून बघा.

बाबा हल्ली माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही आधी माझ्याकडे घेऊन येतात. त्याचा हात पंख्यासमोर धरतात आणि हलक्या आवाजात सांगतात, "आत आपण जे पांघरून बसतो ना, ते या गार हवेच्या अंगावरून उतरवलेलं."